रणांगणावरची निरवानिरव
लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांचे स्मरण

पूर्वी घरातील कर्ता पुरुष लांबच्या यात्रेला किंवा व्यापारानिमित्त परमुलखात निघाला, की निघण्यापूर्वी तो घरच्यांना जवळ बसवून निरवानिरव करीत असे. तिजोरीची किल्ली कोणाकडे, कोणाचे देणे राहिले आहे, कोणाकडून येणे आहे, आईच्या औषधाचे काय, मुलीच्या स्थळाची बोलणी कोठवर आली, हे सारे तो सांगून ठेवी. परत येण्याचा भरवसा नसे असे नाही. पण न आलो तर मागे कोणाची अडचण होऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू असे. आपल्यापैकी अनेकांनी आजोबांच्या तोंडून अशा हकीकती ऐकल्या असतील.

अशीच एक निरवानिरव सप्टेंबर १९६५ मध्ये सियालकोटच्या उसाच्या शेतांमध्ये, तोफांच्या माऱ्यात झाली. ती करणारे गृहस्थ बेचाळीस वर्षांचे होते. ऐकणारा त्यांचा एक सहकारी अधिकारी होता. आपण पडलो तर आपली प्रार्थनेची पोथी आईला द्यावी, सोन्याची साखळी पत्नीला, अंगठी मुलीला आणि ब्रेसलेट व फाउंटन पेन मुलाला द्यावे, असे त्यांनी सांगितले. आणि आणखी एक गोष्ट सांगितली, की आपले दहन तेथेच, रणांगणावर करावे.

या गृहस्थांचे नाव लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर. घरचे आणि मित्र त्यांना ‘आदी’ म्हणत. १९६५ च्या युद्धात परमवीर चक्र दोघांनाच मिळाले. एक कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार अब्दुल हमीद आणि दुसरे तारापोर. अब्दुल हमीदांचे नाव शाळेच्या पुस्तकांमुळे घरोघरी पोचले. तारापोरांचे नाव, त्यांचे घराणे महाराष्ट्राच्या मातीतले असूनही, आपल्याकडे फारसे घेतले जात नाही, ही खंत मनात ठेवूनच हा लेख लिहीत आहे.

शेवटच्या इच्छेकडे वाचकांनी थोडे थांबून पाहावे, असे मला वाटते. पारशी धर्मात अग्नी परम पवित्र. म्हणूनच मृतदेहाचा स्पर्श अग्नीला होऊ देत नाहीत. देह दोखम्यात, सूर्यप्रकाशात आणि पक्ष्यांच्या स्वाधीन करण्याची त्यांची शतकानुशतकांची रीत आहे. तारापोर धर्म न मानणारे असते तर रणांगणावरील दहनाच्या इच्छेत विशेष काही नव्हते. पण ज्यांच्याजवळ युद्धातही प्रार्थनेची पोथी होती आणि जी आईकडेच गेली पाहिजे असे ज्यांना वाटत होते, ते श्रद्धावान होते हे उघड आहे. आईला पोथी देण्याची आणि स्वतःचे दहन करण्याची इच्छा त्यांनी एका दमात सांगितली. रणगाड्यांच्या धुमश्चक्रीत एका देहासाठी मागच्या मागे वाहने आणि माणसे अडकून पडू नयेत, असा विचार त्यामागे असेल काय? की जेथे आपले जवान पडले तेथेच आपणही असावे, अशी ओढ असेल? मला दुसरे कारण अधिक जवळचे वाटते. परंतु हा माझा तर्क आहे.

तारापोर हे आडनाव आजच्या पालघर जिल्ह्यातील तारापूर गावावरून आले. अणुवीज केंद्रामुळे हे नाव आता सर्वांना ठाऊक आहे. घराण्यात अशी परंपरा सांगितली जाते, की त्यांचे पूर्वज रतनजीबा हे शिवाजी महाराजांच्या सेवेत होते, त्यांना पराक्रमाबद्दल शंभर गावे इनाम मिळाली आणि त्यांत तारापूर मुख्य होते. इतिहासाचे अभ्यासक येथे भुवया उंचावतील, कारण तारापूरचा किल्ला चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकला, तोपर्यंत तो पोर्तुगीजांकडे होता. आणि त्या झुंजीत बाजी भिवराव रेठरेकरांसारखा मोहरा मराठ्यांनी गमावला. तेव्हा परंपरेतील तपशील तपासून घ्यावेत हे खरे. परंतु एखादे कुटुंब आपल्या मुलांना लहानपणापासून कोणती गोष्ट सांगते, यावर त्या मुलांची घडण ठरत असते, हेही तितकेच खरे. आदीच्या कानावर ही गोष्ट पडली होती.

पुढे घराण्याची एक शाखा हैदराबादला गेली आणि निजामाच्या राज्यात नोकरीला लागली. आदींचा जन्म मात्र १८ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईत झाला. त्यांच्या बालपणीची एक आठवण सांगितली जाते. ते सहा वर्षांचे असताना घरची गाय दावे तोडून त्यांच्या बहिणीच्या अंगावर धावून गेली. हा चिमुरडा काठी घेऊन मध्ये उभा राहिला आणि त्याने गायीच्या नाकावर तडाखा दिला. शूरांच्या चरित्रात अशा बालकथा हमखास असतात आणि त्या मागाहून रंगवल्या जातात, याची मला जाणीव आहे. ही कथा मला खरी वाटते ती तिच्यातल्या साधेपणामुळे. वाघ नाही, साप नाही. घरचीच गाय आहे.

सातव्या वर्षी त्यांना पुण्यात सरदार दस्तुर मुलांच्या शाळेत, वसतिगृहात ठेवण्यात आले. सातव्या वर्षी आईपासून दूर राहिलेले मूल आईला विसरत नाही, उलट आयुष्यभर तिची आठवण उराशी बाळगते, हे वसतिगृहात शिकलेल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. १९४० मध्ये ते मॅट्रिक झाले आणि त्यांनी सैन्याची वाट धरली. गोवळकोंडा व बेंगळुरू येथे प्रशिक्षण पूर्ण करून १९४२ च्या आरंभी ते हैदराबाद संस्थानाच्या सातव्या पायदळ पलटणीत अधिकारी झाले.

पायदळात त्यांचे मन रमेना. त्यांना चिलखती गाड्यांच्या दलात जायचे होते. ही संधी त्यांना एका अपघाताने दिली. हातबॉम्ब फेकण्याचे शिक्षण चालू असताना एका नवशिक्या शिपायाचा बॉम्ब हातून निसटून जवळच पडला. पिन निघालेली, हाताशी दोन-चार सेकंद. तारापोरांनी पुढे झेप घेतली, बॉम्ब उचलला आणि दूर फेकला. तो फेकता फेकताच फुटला आणि त्याचे तुकडे त्यांच्या छातीत शिरले. त्या वेळी संस्थानी फौजेचे सरसेनापती मेजर जनरल एल् एद्रूस तेथे हजर होते. त्यांनी या तरुण अधिकाऱ्याला बोलावून शाबासकी दिली, तेव्हा तारापोरांनी चिलखती दलात बदली मागून घेतली. अशा रीतीने ते हैदराबाद इंपीरियल सर्व्हिस लान्सर्समध्ये गेले आणि दुसऱ्या महायुद्धात पश्चिम आशियात त्यांनी सेवा बजावली.

मराठवाड्यातील वाचकांना १७ सप्टेंबर या तारखेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. १९४८ साली निजामाचे संस्थान भारतात विलीन झाले आणि त्याबरोबर संस्थानी फौजेतील अधिकाऱ्यांचेही भवितव्य बदलले. काहींची कारकीर्द तेथेच संपली. तारापोर भारतीय सैन्यात घेतले गेले आणि ‘पूना हॉर्स’ या रेजिमेंटमध्ये आले.

या रेजिमेंटचे आणि पुण्याचे नाते नावापुरते नाही. जून १८१७ मध्ये दुसऱ्या बाजीरावाशी झालेल्या पुण्याच्या तहानंतर, पेशव्यांच्याच मुलखातील उत्पन्नावर, इंग्रजांनी जे सहायक घोडदळ उभारले, ते हे पूना हॉर्स. पुढे या घोडदळाने अनेक मुलखांत लढाया केल्या. त्यांपैकी १८५७ च्या फेब्रुवारीत इराणमध्ये खुशाब येथे झालेल्या लढाईची आठवण रेजिमेंट आजही जपते. त्या लढाईत मिळालेला पर्शियन ध्वज तिच्याकडे आहे. त्याच्या टोकावर चांदीचा हात आहे. कमांडिंग ऑफिसरच्या रणगाड्याचे नावही ‘खुशाब’ असते. ज्यांचे पूर्वज इराणमधून आपला पवित्र अग्नी घेऊन गुजरातच्या किनाऱ्यावर उतरले, त्या समाजातील एक पुरुष पुढे याच ‘खुशाब’वर स्वार होऊन रेजिमेंटचे नेतृत्व करणार होता. नियतीच्या या योजनेचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

सैनिकी अधिकाऱ्याच्या घरसंसाराचे आपल्याला सहसा फक्त बाहेरचे रूप दिसते. गणवेश, बंगला, समारंभ. प्रत्यक्षात दर दोन-तीन वर्षांनी पेट्या भरायच्या, मुलांच्या शाळा बदलायच्या, आणि पती सीमेवर असताना घरातील आजारपणे, परीक्षा, सणवार एकटीने निभावायचे, हा त्या घरातील गृहिणीचा संसार असतो. पेरीन तारापोर यांनी तो केला. मुलगी पंधरा वर्षांची, मुलगा तिच्याहून लहान, आणि घरात सासूची माया. असे ते कुटुंब होते. म्हणूनच त्या चार-पाच वस्तूंची वाटणी इतकी नेमकी झाली. कोणाला काय आवडेल, काय जपले जाईल, हे ठाऊक असलेल्या माणसाचीच ती वाटणी आहे. मुलाला पेन दिले, पदक नव्हे.

आता युद्धाकडे येऊ. सप्टेंबर १९६५ मध्ये काश्मीरवरील दडपण कमी करण्यासाठी भारतीय सैन्याने पंजाबात सीमा ओलांडली. लाहोरच्या पाठोपाठ सियालकोट विभागात पहिले चिलखती डिव्हिजन पुढे सरकले. पूना हॉर्स त्याच डिव्हिजनमध्ये होती. तिच्याकडे ब्रिटिश बनावटीचे सेंच्युरियन रणगाडे होते आणि समोर अमेरिकेने पाकिस्तानला दिलेले पॅटन. पॅटनमध्ये अंतर मोजण्याची अधिक आधुनिक यंत्रणा होती, पण ती चालवायला सराव हवा होता. सेंच्युरियन जुन्या धाटणीचा. त्यातील तोफचीची नजर आणि सराव यांवर सारे अवलंबून. ज्यांना अहिल्यानगरला जाण्याचा योग येतो, त्यांनी तेथील रणगाडा संग्रहालयात ही दोन्ही धुडे जवळून अवश्य पाहावीत. मुलांना पोलादाच्या जाडीचे कौतुक वाटते. मोठ्यांनी आतील जागा किती अरुंद आहे ते पाहावे. चार माणसे त्या पेटीत, इंजिनाच्या धगीत, दारूगोळ्याला खेटून बसत. त्यांतील कमांडरचे डोके मात्र पुष्कळदा झाकणाबाहेर असे, कारण आत बसून दिसते थोडे. जो अधिकारी झाकण लावून आत बसेल तो सुरक्षित राहील, पण त्याला लढाई दिसणार नाही. रेजिमेंटच्या प्रमुखाला तर चाळीसहून अधिक रणगाड्यांचा मेळ घालायचा असतो.

११ सप्टेंबरला फिलोरा या ठाण्यावर हल्ला झाला. पूना हॉर्स बगलेने सरकत असताना वझीरवालीच्या बाजूने शत्रूच्या रणगाड्यांनी जोरदार प्रतिहल्ला चढविला. तारापोरांनी जागा सोडली नाही. तो हल्ला परतवून लावून, पायदळाची एक बटालियन सोबत घेऊन, गोळ्यांच्या वर्षावात त्यांनी फिलोऱ्याकडे मोर्चा वळविला. याच झुंजीत ते जखमी झाले. त्यांना मागे नेण्याची तयारी झाली आणि त्यांनी नकार दिला.

या नकारापाशी माझ्यासारख्या गृहस्थी माणसाची लेखणी अडखळते. जखम झाली होती, मागे जाण्यात कसलीही नामुष्की नव्हती, नियमही आड येत नव्हता. घरी पंधरा वर्षांची मुलगी होती, वृद्ध आई होती. ते मागे गेले असते तर कदाचित आजोबा होऊन, पुण्याच्या एखाद्या जुन्या बंगल्याच्या व्हरांड्यात नातवंडांना फिलोऱ्याच्या गोष्टी सांगत बसले असते. कुटुंबावर ज्याचे इतके प्रेम होते त्याने कुटुंबाचा विचार केला नाही काय? केला होता; त्या निरवानिरवीतून तर तेच दिसते. परंतु त्या घडीला त्यांच्यावर दुसरेही एक कुटुंब अवलंबून होते. प्रत्येक रणगाड्यात चार माणसे, आणि त्या प्रत्येकाच्या मागे गावाकडे एक घर. लढाईच्या ऐन रंगात कमांडर बदलला, नवा माणूस सूत्रे हाती घेईपर्यंत गोंधळ झाला, तर त्याची किंमत त्या घरांनी मोजली असती. दोन्ही पारड्यांत मुलेच होती. त्यांनी दुसरे पारडे उचलले. हा निर्णय योग्यच होता असे दुरून, आरामखुर्चीत बसून म्हणण्याचा अधिकार मला नाही. तो अधिकार त्यांच्या मुलांचा आहे.

१४ सप्टेंबरला वझीरवाली हाती आली. पुढचे लक्ष्य चविंडा. समोरून ते अभेद्य ठरत होते, म्हणून त्याच्या पाठीमागे पोचून कोंडी करण्याचा बेत ठरला आणि त्यासाठी १६ सप्टेंबरला जसोरान व बुतुर-डोग्रांडी ही गावे घेण्यात आली. तारापोरांच्या रणगाड्यावर तोवर अनेकदा गोळे बसले होते. तरीही दोन्ही गावी पाय रोवून त्यांनी पायदळाला पाठीमागून चढाई करण्यास वाट करून दिली. मानपत्रातील नोंदीप्रमाणे त्यांच्या रेजिमेंटने या काळात शत्रूचे सुमारे साठ रणगाडे निकामी केले आणि स्वतःचे नऊ गमावले. त्याच दिवशी त्यांच्या रणगाड्यावर गोळा पडला, तो पेटला आणि तारापोर धारातीर्थी पडले. बेचाळीसावा वाढदिवस होऊन महिनाही झाला नव्हता.

बुतुर-डोग्रांडीच्या याच लढाईत आठव्या गढवाल रायफल्सचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल झिराड यांनाही वीरमरण आले. ते बेने इस्रायल, म्हणजे कोकणातील मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातील. ‘शनिवार तेली’ म्हणून ज्यांना आपले पूर्वज ओळखत, तोच हा समाज. झिराड हे गाव अलिबाग तालुक्यात आहे. तारापूर आणि झिराड, कोकण किनाऱ्यावरची दोन गावे. त्या गावांची नावे आडनाव म्हणून लावणारे दोन कर्नल, एक पारशी आणि एक ज्यू, सियालकोटच्या एकाच शिवारात देशासाठी पडले. संख्येने अगदी लहान असलेले हे दोन समाज. सैन्यात कोणी त्यांची मोजदाद करीत नव्हते आणि त्यांनीही कधी केली नाही. छोट्या समाजांनी देशाला काय दिले, असा विषय सभांमधून निघतो तेव्हा मला ही दोन गावे आठवतात.

तारापोरांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दहन जसोरानलाच झाले. त्यांच्या जवानांनी ते केले. मागाहून त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र जाहीर झाले. हा सन्मान मिळालेल्यांत हुद्द्याने तेच सर्वांत वरिष्ठ आहेत. पुढे सहा वर्षांनी, १६ डिसेंबर १९७१ रोजी, त्याच पूना हॉर्सचा एकवीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल फार दूर नसलेल्या बसंतर नदीकाठी, पेटलेला रणगाडा सोडून जाण्यास नकार देऊन लढत राहिला आणि त्यालाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. युद्ध सुरू झाले तेव्हा तो नगरला रणगाड्यांचे शिक्षण घेत होता. त्याने तारापोरांना कधी पाहिले नव्हते. पण रेजिमेंटच्या मेसमध्ये त्यांच्याविषयी ऐकले नसेल, हे संभवत नाही.

२०२३ च्या जानेवारीत अंदमानातील एकवीस अनाम बेटांना परमवीरांची नावे देण्यात आली. त्यांत एक बेट तारापोरांच्या नावाचे आहे. चांगली गोष्ट झाली. पण त्यांच्या खऱ्या समाधीची हकीकत वेगळी आहे. चविंडा अखेरपर्यंत आपल्या हाती आले नाही. २३ सप्टेंबरला युद्ध थांबले, जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदचा करार झाला आणि फेब्रुवारी संपण्याआधी दोन्ही सैन्ये आपापल्या जुन्या जागी परतली. फिलोरा, वझीरवाली, जसोरान, बुतुर-डोग्रांडी, सारे परत दिले गेले. ज्या जमिनीवर त्यांनी दहन व्हावे म्हणून सांगितले होते ती जमीन पाच महिन्यांत सीमेपलीकडे गेली. त्यांच्या आईला, पेरीनबाईंना किंवा मुलांना तेथे जाऊन दोन फुले ठेवणेही शक्य राहिले नाही. जसोरानच्या त्या शेतांत आज ऊस आणि गहू पिकत असेल, आणि नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या बांधाजवळ कोणाची चिता पेटली होती हे बहुधा ठाऊकही नसेल.